झाकायचं असेल तर पान टांगा, छिन्नी चालवू नका

चित्रं आणि फोटो शेअर करायचे मंच चालवणाऱ्या, आणि त्यांवर काय राहील नि काय जाईल याचे नियम लिहिणाऱ्या सर्वांना,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एका मंचाने माझं एक चित्र काढून टाकलं. कोळशाने केलेला अभ्यास होता तो. साठी ओलांडलेल्या एक बाई उंच स्टुलावर बसल्या आहेत, डावा पाय स्टुलाच्या दांडीवर, उजवा मोकळा सोडलेला, दोन्ही हात मांडीवर. अंगावर कपडा नाही. पोटाला दोन वळ्या आणि खालच्या वळीलगत जुन्या टाक्यांचा व्रण. तो व्रण मी वेगळा काढलेला नाही. अंगठ्याने पसरलेल्या कोळशावरून मऊ खोडरबराची कड एकदाच ओढली, खालचा कागद उघडा पडला आणि तोच व्रण झाला. वीस मिनिटांची पोझ होती. गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या हातून जे बरं काम झालं, त्यातलं हे एक.

नोटीस आली, 'लैंगिक स्वरूपाचा मजकूर'. मी अपील केलं. काही मिनिटांत उत्तर आलं की पुन्हा तपासलं, निर्णय कायम. कोणी तपासलं, चित्रातल्या कशावर आक्षेप आहे, याबद्दल एक अक्षर नव्हतं. पुढचे तीस दिवस माझी बाकीची चित्रंही फारशी कुणाला दिसणार नाहीत, एवढं मात्र स्पष्ट लिहिलं होतं.

हे मला त्या बाईंना सांगावं लागलं. आमच्यात एक रीत आहे. काम संपलं की त्या कपडे घालून येतात, मी सगळे कागद जमिनीवर मांडते आणि त्या एकेक बघून सांगतात, हे बाहेर दाखवा, हे नको. त्या दिवशी सात कागद होते. तिनांत चेहरा ओळखू येत होता म्हणून ते बाजूला गेले. एकात स्वतःची मान त्यांना पटली नाही. दोन फक्त वर्गात दाखवायला ठेवले. ऑनलाइन टाकायला त्यांनी एकालाच हो म्हटलं आणि तुम्ही काढलंत ते तेच. त्या म्हणाल्या, "ताई, त्यात त्यांना घाण काय दिसली? मी तर नुसती बसले होते."

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हे पत्र.

आधी एक मान्य करते. तुमचं काम सोपं नाही. कलेच्या नावाखाली काय काय टाकलं जातं ते मीही बघते. कुणाला सकाळी फोन उघडल्या उघडल्या उघडं शरीर बघायचं नसेल, तर तो त्याचा हक्क आहे. लहान मुलांच्या हातातही हेच फोन असतात. त्यामुळे 'काहीच झाकू नका' असं माझं म्हणणं नाही. झाकण्याच्या दोन तऱ्हा आहेत, त्यांतली कोणती निवडायची एवढाच माझा मुद्दा आहे.

मायकेलअँजेलोचं 'द लास्ट जजमेंट' व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलच्या भिंतीवर 1541 साली पूर्ण झालं. त्यात तीनशेच्या वर आकृत्या, त्यांतल्या बऱ्याच नग्न. तक्रारी तेव्हाच सुरू झाल्या. 1564 मध्ये, ज्या वर्षी मायकेलअँजेलो गेला त्याच वर्षी, आक्षेपार्ह भाग झाकायचं ठरलं आणि पुढच्या वर्षी दानिएले दा व्होल्तेर्रा या चित्रकाराने काम हाती घेतलं. बहुतेक ठिकाणी त्याने वाळलेल्या भित्तिचित्रावर वरून वस्त्रं रंगवली. पण संत कॅथरीन आणि संत ब्लेझ या दोघांच्या बाबतीत तेवढ्यावर भागलं नाही. तिथला गिलावा त्याने फोडून काढला, नवा गिलावा लावला आणि त्या आकृत्या नव्याने रंगवल्या. या चित्रकाराला लोकांनी पुढे 'चड्ड्या रंगवणारा' असं नाव दिलं, ते आजही त्याला चिकटलेलं आहे.

1994 मध्ये त्या भिंतीची साफसफाई पूर्ण झाली. नंतरच्या शतकांत वरून चढवलेली बरीच वस्त्रं तेव्हा काढता आली. दानिएलेची इतिहासाचा भाग म्हणून तशीच ठेवली. पण कॅथरीनच्या जागी फोडलेला गिलावा कुठून आणणार? ती मूळची कशी होती हे आज आपल्याला कळतं, ते मार्चेल्लो व्हेनुस्ती नावाच्या चित्रकाराने 1549 मध्ये नक्कल करून ठेवली होती म्हणून. ती नक्कल नेपल्सला आहे.

आता दुसरी तऱ्हा. 1857 मध्ये मायकेलअँजेलोच्याच 'डेव्हिड' या नग्न पुतळ्याची प्लास्टरची तेवढीच मोठी प्रतिकृती राणी व्हिक्टोरियाला भेट आली आणि ती लंडनच्या संग्रहालयात ठेवली गेली, ज्याला आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणतात. राजघराण्यातल्या स्त्रिया बघायला येतील तेव्हा काय करायचं, असा प्रश्न पडला. संग्रहालयाने प्लास्टरचं एक अंजिराचं पान बनवून घेतलं. पुतळ्यावर ते टांगायला दोन आकडे होते. पाहुणे आले की पान टांगायचं, गेले की उतरवायचं. ते पान आजही त्या संग्रहालयात जपून ठेवलेलं आहे. पुतळ्याला ओरखडाही गेलेला नाही.

तुमच्याकडे असं पान आहे. धूसर केलेली प्रतिमा, वर एक ओळ, 'यात नग्न शरीर आहे, बघायचं आहे का?' आणि एक बटण. हिंसेची दृश्यं तुम्ही अशीच झाकता. अपघाताचे, युद्धाचे फोटो या पडद्यामागे राहू शकतात. मग कोळशाने काढलेल्या म्हाताऱ्या बाईसाठी थेट छिन्नी का? आणि ऑनलाइन चित्र काढून टाकणं म्हणजे तो गिलावा फोडणंच असतं. चित्राबरोबर त्याखालचं बोलणं जातं, कुणी विचारलेले प्रश्न जातात, ज्यांनी ते जपून ठेवलं त्यांच्या संग्रहातूनही ते जातं. अकाउंटच बंद झालं तर दहा-दहा वर्षांचं काम एका रात्रीत जातं. 17 डिसेंबर 2018 ला टम्बलर या मंचाने प्रौढांसाठीचा मजकूर बंद केला तेव्हा हे मोठ्या प्रमाणावर झालं. त्यांच्या नियमात कला म्हणून नग्नतेला सूट होती. तरी यंत्राने निरुपद्रवी चित्रांवरही लाल शिक्के मारले.

सूट तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या नियमांत आहे, हे मला माहीत आहे. फेसबुकने तर 2015 मध्येच स्पष्ट लिहिलं होतं की चित्रं, शिल्पं यांतली नग्नता चालेल. पण 2017 च्या शेवटी 'व्हीनस ऑफ विलेनडॉर्फ'चा फोटो तिथे अडवला गेला. 1908 मध्ये ऑस्ट्रियात सापडलेली ही चुनखडीची बाई उंचीला जेमतेम अकरा सेंटीमीटर आहे, वय सुमारे तीस हजार वर्षं, आणि तिला चेहराही नाही. ती जिथे ठेवली आहे त्या व्हिएन्नातल्या निसर्गविज्ञान संग्रहालयाने जाहीर निषेध केला, मग चूक झाल्याचं कबूल झालं. 2018 मध्ये रूबेन्सच्या चित्रांच्या जाहिराती अडल्या, कारण पोस्टला एक नियम आणि जाहिरातीला दुसरा. 2021 मध्ये व्हिएन्नाच्या पर्यटन मंडळाने तिथल्या संग्रहालयांतली नग्नचित्रं दाखवायला ओन्लीफॅन्सवर, म्हणजे प्रौढांच्या मजकुरासाठी ओळखल्या जाणाऱ्या मंचावर, खातं उघडलं. एगॉन शीलेसारख्या नावाजलेल्या ऑस्ट्रियन चित्रकाराची चित्रं कुठे दाखवावी लागली, याचा तुम्ही शांतपणे विचार करा. कला आणि पोर्नोग्राफी वेगळी ठेवायची म्हणून नियम केले, आणि त्याच नियमांनी कलेला तिच्या दारात नेऊन उभं केलं.

या सगळ्याची निदान दखल घेतली गेली, कारण मागे संग्रहालय होतं, सरकारी मंडळ होतं. एकट्या माणसाचं काय होतं ते बघायचं तर फ्रान्समधल्या एका शिक्षकाचं प्रकरण आठवा. कूर्बे या फ्रेंच चित्रकाराचं 1866 चं 'द ओरिजिन ऑफ द वर्ल्ड' हे नग्नचित्र त्यांनी फेसबुकवर टाकलं. हे चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात सगळ्यांना बघायला टांगलेलं आहे. 2011 मध्ये त्यांचं अकाउंट बंद झालं. पॅरिसच्या न्यायालयाने निकाल दिला तो मार्च 2018 मध्ये. नीट सूचना न देता अकाउंट बंद करणं ही कंपनीची चूक ठरली, नुकसानभरपाई मात्र मिळाली नाही. हे सगळं व्हायला सात वर्षं गेली. माझ्याकडे सात वर्षं नाहीत. त्या बाईंकडे तर नाहीतच.

मला वाटतं, मुळात प्रश्नच चुकीचा विचारला जातो. 'हे कला आहे का?' असा प्रश्न तुम्ही यंत्राला विचारता, किंवा काही सेकंदांत पुढच्या चित्राकडे वळावं लागणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारता. या प्रश्नाचं उत्तर 1865 मध्ये पॅरिसच्या जाणत्या प्रेक्षकांनाही आलं नव्हतं. एदुआर माने या चित्रकाराच्या 'ऑलिंपिया' या नग्नचित्रावर लोक इतके चिडले की चित्राला इजा होऊ नये म्हणून ते वर, हात पोचणार नाही अशा जागी हलवावं लागलं. जे ओळखायला तज्ज्ञांनाही वेळ लागतो ते यंत्रावर सोपवू नका. यंत्र चित्र बघत नाही. त्वचेसारखा रंग, छातीसारखा आकार, याआधी दाखवलेल्या लाखो फोटोंशी साम्य, यावरून ते एक आकडा काढतं आणि आकडा ठरलेल्या रेषेच्या वर गेला की चित्र जातं. त्यात माझा कोळसा, बाईंचा व्रण, त्यांचं हो किंवा नाही, काहीच मोजलं जात नाही.

मग रेषा कुठे ओढायची? माझं उत्तर सरळ आहे. उघड्या त्वचेवर ओढू नका, त्या शरीराच्या माणसावर ओढा. हे शरीर कुणाचं आहे? ती व्यक्ती प्रौढ आहे का? तिची संमती होती का? ती संमती आजही आहे का? आणि बघणाऱ्याने स्वतःहून बघितलं की त्याच्यापुढे टाकलं गेलं? एवढ्या प्रश्नांत बहुतेक प्रकरणं सुटतात, आणि यांतला एकही प्रश्न विचारायला कलासमीक्षक व्हावं लागत नाही.

ही रेषा माझ्यासारख्यांनाही बांधते, आणि बांधावीच. एखाद्या खऱ्याखुऱ्या, ओळखू येणाऱ्या बाईचं नग्न चित्र तिला न विचारता मी रंगवलं आणि ऑनलाइन टाकलं, तर तिच्या एका तक्रारीवर ते खाली यायला हवं. मग ते तैलरंगात असो नाहीतर कोळशात. चित्रकार म्हणून मला इथे सूट नको. कपडे घातलेल्या मुलीचा फोटो घेऊन यंत्राने तिला उघडं करणारी ॲप्स निघाली आहेत. त्या खोट्या फोटोत तिच्या त्वचेचा एक कणही खरा नसतो, पण तिचं आयुष्य उद्ध्वस्त व्हायचं ते होतंच. 'चित्राला मुभा, फोटोला बंदी' हा तुमचा जुना नियम इथे साफ कोसळतो. असा खोटा फोटो फोटो की चित्र, यावर तुम्ही वाद घालत बसाल. ती मुलगी कोण आणि तिला विचारलं होतं का, हे विचारलंत तर वाद उरतच नाही. तिथे छिन्नी चालवा. पडदा, बटण, अपील, काही नको. आधी काढा, मग बोला.

मुलांच्या बाबतीत तर तडजोड नाहीच. अत्याचाराच्या ज्ञात प्रतिमा ओळखायला 2009 पासून फोटोडीएनए नावाचं तंत्र वापरात आहे. आधी माणसांनी तपासून नक्की केलेल्या प्रतिमेचा एक ठसा काढून ठेवतात, नवी प्रतिमा त्याच्याशी जुळते का तेवढं यंत्र बघतं. ते अंदाज करत नाही, जुळवतं. यंत्राला जे खरंच चांगलं येतं ते हे आहे, आणि तुमची सगळी कठोरता तिथे लागली पाहिजे. माझ्या स्टुलावरच्या बाईंवर ती खर्च होते याचं मला दुःख आहे.

माझीच रेषा जिथे अवघड होते ते प्रकरणही सांगते. 2016 मध्ये फेसबुकने व्हिएतनाम युद्धातला 1972 चा तो फोटो काढला. नापाम बॉम्बने भाजलेली नऊ वर्षांची मुलगी रस्त्यावरून धावत येते आहे, अंगावर एक चिंधी नाही. नॉर्वेच्या 'आफ्टनपोस्टन' वृत्तपत्राच्या संपादकांनी मार्क झुकरबर्गना जाहीर पत्र लिहिलं. नॉर्वेच्या पंतप्रधानांनी तो फोटो टाकला तर त्यांचीही पोस्ट गेली. शेवटी फोटो परत आला. मुलांच्या बाबतीत तडजोड नाही, असं मीच वर लिहिलं आहे, मग इथे काय? इथे त्या मुलीने स्वतः उत्तर दिलेलं आहे. किम फुक मोठी झाली, ओळखली गेली, आणि त्या फोटोचं महत्त्व सोडून फक्त नग्नतेकडे बघणाऱ्यांबद्दल तिने तिच्या प्रवक्त्यामार्फत दुःख व्यक्त केलं. फोटोच्या बाजूने ती उभी राहिली. तिने 'काढा' म्हटलं असतं तर मी तिचं ऐकलं असतं, इतिहासाचं नाही. असे फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. त्यांच्यासाठी माणसांनी बसून निर्णय घ्यावा, नावानिशी आणि कारणासकट.

स्त्रीच्या छातीबद्दल थोडंच लिहिते, कारण यावर पुष्कळ लिहून झालं आहे. पुरुषाची छाती चालते, स्त्रीची नाही. 2020 मध्ये ब्राझीलमधून स्तनाच्या कर्करोगाची लक्षणं समजावणारी इन्स्टाग्राम पोस्ट यंत्राने काढली. जानेवारी 2021 मध्ये कंपनीच्याच देखरेख मंडळाने तो निर्णय चुकीचा ठरवला. गाठ कुठे चाचपायची हे दाखवायला जी जागा दाखवावी लागते, तीच जागा तुमच्या यंत्राला अश्लील वाटते. याहून जास्त मला सांगायचं नाही.

ज्यावर कमी बोललं जातं ते नुकसान मात्र मी रोज बघते. माझ्याकडे शिकणारी मुलं आता चित्र काढायच्या आधीच 'हे टाकता येईल का' असा विचार करतात. एक मुलगी मॉडेलची पाठ सुंदर काढते. वर्षभरात तिने समोरून एकही अभ्यास केलेला नाही. विचारलं तर म्हणाली, "समोरून काढलं की अकाउंट जातं." कुणी चित्रावर काळी पट्टी मारतं, कुणी 'न्यूड' हा शब्द मध्येच आकडा घालून लिहितं. पट्टी निदान नंतर काढता तरी येते. जे चित्र काढलंच नाही त्याची नक्कल कुठल्याही नेपल्समध्ये नसते.

कुणी काय बघायचं हे ठरलं की कुणी काय शिकायचं हे आपोआप ठरतं. लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या संस्थापक सदस्यांत दोन स्त्रिया होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. योहान झोफानीने 1771-72 मध्ये अकॅडमीच्या सदस्यांचं एक चित्र रंगवलं. सगळे पुरुष नग्न मॉडेलभोवती जमले आहेत, आणि या दोघी कुठे आहेत? भिंतीवरच्या दोन व्यक्तिचित्रांत. नग्न मॉडेलच्या खोलीत त्यांना प्रवेशच नव्हता. तिथल्या विद्यार्थिनींना अर्धवट झाकलेला पुरुष मॉडेल तरी समोर बसवून काढायला मिळाला तो 1893 मध्ये. मोठ्या ऐतिहासिक चित्रांसाठी शरीर यावं लागतं, शरीर यायला ते बघावं लागतं. त्या आधीच्या किती जणी फुलं आणि चेहरे काढत राहिल्या असतील! आज ज्या मुलीच्या जवळपास लाइफ ड्रॉइंगचा, म्हणजे समोर मॉडेल बसवून चित्र काढायचा, वर्ग नाही, तिच्यासाठी तुमचा मंच हीच ती खोली आहे. दुसऱ्यांचे अभ्यास बघूनच ती शिकते. तिला पुन्हा भिंतीवर टांगू नका.

माझ्या मागण्या अवास्तव नाहीत. संमतीने केलेल्या प्रौढ नग्नतेवर पडदा टाका, चित्र ठेवा. टाकणाऱ्यालाच विचारा की यात नग्नता आहे का, शरीर खऱ्या व्यक्तीचं असेल तर तिची परवानगी आहे का, आणि जो खरं सांगतो त्याला शिक्षा करू नका. आज खरं सांगणाऱ्याचीच चित्रं मागे ढकलली जातात, म्हणून कुणी सांगत नाही. बघणाऱ्याच्या सेटिंगमध्ये निवड द्या आणि मुलांच्या खात्यांवर तो पडदा कुलूपबंद ठेवा. काही काढलंच, तर चित्रातला कोणता भाग, कोणत्या नियमाने, हे सांगा आणि अपील माणसाने वाचू द्या. उघड संभोगाचं चित्रण तुम्हाला नको असेल तर तसं ठरवायचा तुम्हाला अधिकार आहे. संभोग दाखवणाऱ्या जुन्या जपानी शुंगा चित्रांचा विचार केला की माझं मन तिथेही पुरतं मानत नाही, पण तो वाद वेगळा आणि तो पुढे घालू. स्टुलावर नुसतं बसणं आणि ते, या दोहोंना एकाच नोटिशीत बसवू नका, एवढं तरी आज करा.

परवा बाई पुन्हा पोझला आल्या. येताना पिशवीतून एक चादर घेऊन आल्या. म्हणाल्या, "ही अंगावर घेऊन बसते ताई, म्हणजे तुमचं खातं तरी बंद व्हायचं नाही." पोझ कशी द्यायची हे त्यांनी ठरवायचं असतं, म्हणून मी काही बोलले नाही. चादरीसकट काढलं. कापडाच्या चुण्या बऱ्या आल्या आहेत. त्यांना स्वतःला वाटलं म्हणून ती चादर आली असती तर माझी काहीच तक्रार नव्हती. ती तुमच्या नोटिशीमुळे आली.

आपली,
एक चित्रकार